बॅटरी काढली तरी मागे काय उरतं? एअरबॅग आणि गाडीच्या वायरिंगवर पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

बॅटरीचं टर्मिनल सोडवलं, डॅशबोर्डवरचे दिवे विझले, की आता गाडीत वीज उरली नाही असं नव्याने काम शिकणाऱ्याला वाटतं. दिवे, हॉर्न, काचा यांच्यापुरतं ते खरंही आहे. एअरबॅगच्या बाबतीत मात्र तसं नाही. समोरून धडक बसली की सगळ्यात आधी चेपतो तो गाडीचा पुढचा भाग, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरी तिथेच असते. तिची वायर तुटली तरी एअरबॅग उघडायलाच हवी, म्हणून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, बसवलेले असतात. बॅटरी गेल्यावरही काही वेळ त्यांच्यातला साठा एअरबॅग उडवायला पुरतो. गाडीत बसलेल्याचा जीव वाचवणारी हीच सोय स्टिअरिंगसमोर वाकून काम करणाऱ्या मेकॅनिकच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून कुठलाही कनेक्टर सोडवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: वीज तोडली, पण मागे काय उरलंय? कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या भागात, पेट घेणारी रसायनं असतात. बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन साठलेला असू शकतो. इलेक्ट्रिक गाडीत तर अख्खा बॅटरी पॅक जिवंत असतो. पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नातून आली आहे.

आणि एक अट. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय एअरबॅगला हात लावायचा नाही. इथे लिहिलेलं सगळ्या गाड्यांना लागू पडणारं आहे. पण कनेक्टर नेमका कुठे, थांबायचं किती वेळ, बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं.

आधी ओळख करून घ्या

एअरबॅग म्हटलं की स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड आठवतो. पण सीटच्या बाजूला, छताच्या कडेने दाराच्या वर, गुडघ्यासमोर अशा अनेक ठिकाणी एअरबॅग असू शकतात. सीटबेल्टचा प्रीटेन्शनरही बहुतेक गाड्यांत छोट्या स्फोटक चार्जवरच चालतो. तो धडकेच्या क्षणी बेल्ट खेचून घट्ट करतो. बेल्टचा रीळ काढताना त्याला साधा रीळ समजू नका.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पिवळा रंग. एअरबॅग आणि प्रीटेन्शनरचे कनेक्टर, बऱ्याचदा त्यांच्या हार्नेसवरचं, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरचं, आवरणही पिवळं असतं. ट्रिम, म्हणजे आतली आवरणं, काढताना आत पिवळं काही दिसलं की हात मागे घ्या आणि मॅन्युअल उघडा. अर्थात सगळ्याच गाड्यांत सगळंच पिवळं असतं असं नाही, म्हणून रंग दिसला नाही याचा अर्थ धोका नाही असा काढू नका.

आत काय घडतं तेही समजून घ्या. कंट्रोल युनिटने हुकूम दिला की इग्नायटरमधल्या बारीक तारेतून करंट जातो, ती तापते, तिच्याभोवतीचं रसायन पेटतं आणि त्याने मुख्य प्रोपेलंट, म्हणजे गॅस तयार करणारा पदार्थ, पेटतो. तयार झालेल्या गॅसने पिशवी ३० ते ५० मिलिसेकंदांत भरते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. ‘उडतेय असं दिसलं की बाजूला होईन’ हा विचारच इथे निरर्थक आहे. छताच्या कडेच्या एअरबॅगमध्ये बऱ्याचदा दाबाखाली भरलेल्या गॅसची नळी असते, म्हणून छताचं आतलं अस्तर काढताना तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही.

वीज तोडण्याची पद्धत

घाई इथेच नडते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा बघा. बहुतेक गाड्यांत तो साधारण ६ सेकंद पेटतो आणि विझतो. तो विझतच नसेल, किंवा मुळात पेटतच नसेल, तर दोष आधीपासून आहे. स्कॅनर लावून फॉल्ट कोड, म्हणजे कंट्रोल युनिटने नोंदवलेल्या दोषांच्या खुणा, वाचा आणि लिहून ठेवा. हे केलं नाही तर जुना दोष कुठला आणि आपल्या हातून झालेला कुठला हे नंतर कळत नाही, आणि गाडीमालकासमोर उत्तर देता येत नाही.

मग चाकं सरळ करा, स्टिअरिंग मधोमध आणा, इग्निशन बंद करून किल्ली काढा. बटणाने चालू होणारी गाडी असेल तर किल्ली गाडीपासून लांब ठेवा, खिशात नको. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर डिकी उघडीच राहू द्या. नाहीतर बॅटरी जोडायलाच वाट उरत नाही.

आता बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. केबल बाजूला वळवून तिच्यावर कापड किंवा टेप गुंडाळा, म्हणजे ती आपोआप परत जाऊन चिकटणार नाही. काही गाड्यांत दुसरी छोटी बॅटरी असते. तीही सोडवावी लागते. रेडिओ, घड्याळाच्या सेटिंग जाऊ नयेत म्हणून काही जण बाहेरून मेमरी सेव्हर लावतात. एअरबॅगचं काम असताना तो लावायचा नाही. तो लावला की आपण तोडलेली वीज आपणच परत दिली.

इथून घड्याळ लावा. काही कंपन्या ९० सेकंद थांबायला सांगतात, काही ३ मिनिटं, काही १० मिनिटं किंवा त्याहून जास्त. मोजायला सुरुवात केबल सुटल्यापासून करायची, इग्निशन बंद केल्यापासून नाही. हॉर्न दाबला, दिव्यांचं बटण चालू केलं की साठा रिकामा होतो असं ऐकायला मिळतं. त्यावर विसंबू नका. एअरबॅगचा साठा त्या वाटेने रिकामा होईलच असं नाही. शिकाऊ मुलांना मी मॅन्युअलमधल्या वेळेच्या दुप्पट थांबायला लावतो. तेवढ्या वेळात हत्यारं लावून घ्या, टेबल रिकामं करा.

मॉड्यूल काढताना

मॉड्यूलला, म्हणजे पिशवी, इन्फ्लेटर आणि कव्हर एकत्र असलेल्या एअरबॅगच्या डब्याला, हात लावण्याआधी गाडीच्या बॉडीच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज तिथे निघून जाते. कोरड्या हवेत सीटवरून घसरत उतरल्यावर दाराला हात लावला की चटका बसतो, तीच ही वीज.

बसायचं बाजूला. एअरबॅग ज्या दिशेने उघडेल त्या वाटेत डोकं, छाती, हात यातलं काही नको. स्टिअरिंगच्या मागच्या भोकांत बोटं घालून काम करतानाही चेहरा कव्हरसमोर येतो की नाही याकडे लक्ष ठेवा.

पिवळ्या कनेक्टरला बहुधा दुहेरी कुलूप असतं. आधी लहान चपट्या स्क्रू ड्रायव्हरने वरची पट्टी उचलायची, मग कनेक्टर सरळ ओढायचा. वायर धरून ओढू नका. या कनेक्टरमध्ये एक सुंदर योजना असते. तो सुटला की आतली धातूची पट्टी दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे शॉर्ट करते. दोन्ही टोकं जोडलेली असल्यामुळे भटक्या करंटला इग्नायटरमधून जायचं कारण उरत नाही. पिनांमध्ये टाचणी किंवा मीटरचं टोक घातलं तर हीच पट्टी सरकते किंवा वाकते. म्हणून सुटलेल्या कनेक्टरच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

मॉड्यूल उचलताना कव्हरची बाजू अंगापासून लांब, बाहेरच्या दिशेने ठेवा. एका वेळी एकच न्या. वायरला धरून लटकवत नेऊ नका. टेबलावर ठेवताना कव्हर वर, धातूचा भाग खाली. हे नवशिक्यांचं हमखास उलट होतं, कारण कव्हरवर ओरखडे पडू नयेत म्हणून ते पालथं ठेवावंसं वाटतं. कव्हर वर असताना चुकून उडालं तर पिशवी मोकळ्या हवेत उघडते. पालथं असेल तर पिशवी टेबलाला रेटते आणि धातूचा अख्खा डबा गोळ्यासारखा वर उडतो. त्याच्यावर दुसरी एअरबॅग, हत्यारं, चहाचा कप, काहीच ठेवू नका.

उष्णता, तेल, पाणी, क्लीनरचा फवारा यांपासून मॉड्यूल लांब ठेवायचं. साधारण ९० अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान त्याला चालत नाही, त्यामुळे रंग भाजायच्या बूथमध्ये गाडी नेण्याआधी मॅन्युअल काय सांगतं ते बघा. मॉड्यूल हातातून जमिनीवर पडलं तर ते परत बसवायचं नाही, वरून ठीक दिसत असलं तरी. आणि इन्फ्लेटर उघडून बघायचा मोह झाला तरी उघडायचा नाही. जुन्या इन्फ्लेटरमध्ये सोडियम अझाइड असतं, आणि ते अत्यंत विषारी आहे.

स्टिअरिंग काढलंत तर मागे क्लॉक स्प्रिंग दिसेल. तिच्यात गुंडाळलेली चपटी केबल असते. स्टिअरिंग फिरलं तरी एअरबॅग आणि हॉर्नची जोडणी ती टिकवून ठेवते. तिला दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे फिरता येतं. काढल्यावर ती फिरू नये म्हणून लगेच टेप लावा. मधोमध नसताना बसवली तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळताच केबल तुटते. मग हॉर्न बंद पडतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो.

सीट काढतानाची एक चूक इतक्यांदा पाहिली आहे की वेगळी सांगतो. कार्पेट धुवायला सीट काढली, सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडला, आणि गाडी जरा पुढे घ्यायची म्हणून इग्निशन चालू केलं. लगेच फॉल्ट कोड नोंदला जातो. सीट परत जोडली तरी बऱ्याच गाड्यांत दिवा स्कॅनरशिवाय जात नाही. सीट बाहेर असताना इग्निशन चालू करायचंच नाही.

कंट्रोल युनिट बहुधा गाडीच्या मधोमध, गिअर लिव्हरच्या पुढे-मागे जमिनीला बोल्टने आवळलेलं असतं. धक्का ओळखणारा सेन्सर त्याच्यातच असतो, आणि त्याच्यावरचा बाण गाडीच्या पुढच्या दिशेला असावा लागतो. ते सैल असताना इग्निशन चालू करू नका. इग्निशन चालू असताना त्याच्या आसपास हातोडा चालवू नका. बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा, मॅन्युअल सांगेल ते कनेक्टर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ केबल कामाच्या अगदी जवळ लावा.

मीटर कुठे लावायचा नाही

मल्टिमीटर निरुपद्रवी वाटतो. पण ओहम मोजताना मीटर स्वतःच्या बॅटरीतला करंट त्या सर्किटमधून पाठवतो. इग्नायटरचा रोध जेमतेम २ ओहमच्या आसपास असतो आणि तो पेटायला फार करंट लागत नाही. म्हणून एअरबॅग मॉड्यूल किंवा प्रीटेन्शनरच्या पिनांवर ओहममीटर लावायचा नाही. टेस्ट लॅम्पही नाही. दोष मॉड्यूलमध्ये आहे की वायरिंगमध्ये हे शोधायचं तर मॉड्यूल काढून त्याच्या जागी कंपनीने सांगितलेला रेझिस्टर किंवा सिम्युलेटर लावतात आणि स्कॅनरवर कोड बदलतो का ते पाहतात.

पिवळ्या हार्नेसला मधेच कापून जोड द्यायचा नाही. कंट्रोल युनिट तो २ ओहमचा रोध सतत तपासत असतं. पिळून टेप लावलेल्या सांध्याने रोध थोडा वाढला तरी दिवा लागतो. आणि दिवा लागला नाही तरी ऐन वेळी तो सांधा करंट नेईल याची खात्री कोण देणार? कंपनी दुरुस्तीचं किट देत असेल तर त्याच पद्धतीने, नाहीतर हार्नेस बदला. कॅमेरा, रेडिओ किंवा इतर कुठल्याही जोडकामासाठी या वायरवरून वीज घेऊ नका.

साधी १२ व्होल्टची बॅटरी

१२ व्होल्टचा झटका लागत नाही, म्हणून तिला कुणी मनावर घेत नाही. धोका करंटचा आहे. शॉर्ट झाली तर ती शेकडो अँपिअर देते. काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. अंगठी पाना आणि बॉडीच्या मधे सापडली तर क्षणात तापून लाल होते.

निगेटिव्ह आधी सोडवायचं आणि शेवटी जोडायचं, यालाही कारण आहे. बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. निगेटिव्ह आधीच सुटलेलं असेल तर टेकूनही काही होत नाही. शिकत असताना माझ्याकडून हा क्रम चुकला होता. पाना बॉनेटच्या कडेला चिकटून बसला, आणि तो निघेपर्यंतची ठिणगी अजून डोळ्यांसमोर आहे.

चार्ज होणाऱ्या लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. म्हणून चार्जर आधी बंद करायचा, मगच क्लिप काढायच्या. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने चालू करताना क्रम असा: आधी उतरलेल्या बॅटरीचं पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचं पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचं निगेटिव्ह, आणि शेवटची क्लिप उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडायचीच तर तिथे पडू दे. डोळ्यांवर चष्मा हवाच. अॅसिड डोळ्यांत गेलं तर लगेच भरपूर पाण्याने निदान १५ मिनिटं धुवत राहा आणि डॉक्टर गाठा.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत आजच्या गाडीत करू नका. भार एकदम सुटला की क्षणभर १०० व्होल्टच्या आसपास उसळी येऊ शकते आणि कंट्रोल युनिट जळतात. इग्निशन कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात, तेव्हा इंजिन चालू असताना प्लगच्या वायरी हाताने ओढायच्या नाहीत.

फ्यूज गेला तर त्याच अँपिअरचा घाला: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. मोठा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती कार्पेटखाली जळते.

नारिंगी केबल दिसली तर

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल म्हणजे उच्च व्होल्टेज. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ते ४०० च्या आसपास असतं, काहींत ८००. हे काम या लेखाच्या भरवशावर करायचं नाही; त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पण अशी गाडी एअरबॅगच्या किंवा साध्या वायरिंगच्या कामाला येणारच, म्हणून एवढं माहीत असू द्या. १२ व्होल्टची बॅटरी काढल्यावर पॅकचे कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, उघडतात, पण पॅकच्या आतले सेल जिवंतच असतात. इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पॅकची वीज मोटरला लागेल तशी बदलणाऱ्या भागात, मोठे कपॅसिटर असतात, म्हणून सर्व्हिस प्लग (पॅकची जोडणी तोडायला हाताने काढायचा प्लग) काढल्यावरही मॅन्युअल सांगेल तेवढं थांबावं लागतं. प्लग काढणाऱ्याने तो स्वतःपाशी ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी परत लावणार नाही. प्रशिक्षित माणूस १००० व्होल्टचे रबरी हातमोजे दर वेळी हवा भरून तपासतो. व्होल्टेज शून्य आहे हे मोजताना मीटर आधी चालू सर्किटवर पडताळतो, मग मोजतो, आणि परत चालू सर्किटवर पडताळतो. मीटरच बिघडलेला असेल तर शून्य हा आकडा जीवघेणा ठरतो.

परत जोडताना

सगळे पिवळे कनेक्टर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा आणि कुलपाची पट्टी बसवा. डॅशबोर्डवर, सीटवर राहिलेली हत्यारं काढा. गाडीत कुणी बसलेलं नको. निगेटिव्ह केबल शेवटी जोडा. इग्निशन पहिल्यांदा चालू करताना स्टिअरिंगसमोर बसू नका. दाराबाहेर उभं राहून, बाजूने हात घालून चालू करा. दिवा पेटून ठरल्या वेळात विझला, स्कॅनरवर नवा कोड नाही, तरच काम झालं.

दिवा विझत नाही म्हणून मॉड्यूलच्या जागी कायमचा रेझिस्टर लावणं, किंवा दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून तो वेळेवर विझल्यासारखा दाखवणं, हे प्रकार होतात. ती गाडी घेणाऱ्या माणसाला वाटत राहतं की समोर एअरबॅग आहे. असं काम कुणी करायला सांगितलं तर नकार द्या. दोष निघालाच नाही तर गाडी परत देताना ते कागदावर लिहून द्या.

उडालेली आणि टाकाऊ एअरबॅग

अपघातात उडालेल्या एअरबॅगचा धातूचा भाग बराच वेळ गरम असतो. पिशवीवरची आणि डॅशबोर्डवरची पूड कातडीला, डोळ्यांना त्रास देते. हातमोजे, चष्मा, मास्क घाला, दारं उघडून हवा खेळू द्या, आणि नंतर हात साबणाने धुवा. उडालेली पिशवी घडी घालून परत बसवता येत नाही. तिच्यासोबत काय काय बदलायचं, म्हणजे प्रीटेन्शनर, सेन्सर, कंट्रोल युनिट, हार्नेस, याची यादी मॅन्युअलमध्ये असते. ती पूर्ण पाळा.

न उडालेलं मॉड्यूल भंगारात टाकू नका. भंगारवाल्याने ते कापलं किंवा तापवलं तर ते त्याच्या हातात फुटेल. ते कंपनीच्या पद्धतीने परत द्यायचं, किंवा प्रशिक्षित माणसाने लांबून वायर लावून निकामी करायचं.

भंगारातल्या गाडीतली एअरबॅग स्वस्तात मिळते म्हणून बसवू नका. तिने किती ऊन, किती पाणी पाहिलं ते बाहेरून दिसत नाही. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते बिघडलं की इतक्या वेगाने जळायचं की धातूचा डबाच फुटून तुकडे माणसावर उडायचे. लोक मेले, जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्यातले सगळे इन्फ्लेटर बदलून झालेले नाहीत. म्हणून जुनी गाडी एअरबॅगच्या कुठल्याही कामाला आली की कामाच्या कागदावर पहिल्यांदा चेसिस नंबर उतरवा आणि गाडीच्या कंपनीच्या रिकॉल यादीत तो तपासा. यादीत सापडला तर मॉड्यूलला हात न लावता गाडी कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे पाठवा आणि गाडीमालकाला ते का, हे समजावून सांगा.